पेटीत बॅटरी नाही

सन दोन हजार बावीस. माझं वय सहासष्ट. त्या साली माझ्या हातानं बनवलेली वस्तू समुद्राच्या पलीकडं जायची होती, आणि तिला अडवून धरलं एका माणसानं, ज्याचं स्वतःचं वजन पंचेचाळीस किलोच्या वर नसेल.

त्या माणसावर लिहायचं म्हणून ही वही घेतली. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरानं विनाकारण मारलं, मी पाटी त्याच्या टेबलावर ठेवून घरी आलो, तो आजतागायत परत गेलो नाही. लेक फोनवर म्हणते, बाबा, तुम्ही बोला, मी लिहून देते. म्हणलं, नाही. मीच लिहिणार. चुकलं तर चुकलं, अक्षर तर माझं असेल!

जालन्यात नव्या मोंढ्याच्या अंगाला त्याचं पार्सल बुकिंगचं दुकान होतं. दोन खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढंच. त्याचे पंजोबा मारवाडातून आलेले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आपली जालन्याची मराठी, आणि तापला की हिंदी. लोक तोंडावर शेठजी म्हणायचे आणि पाठ फिरली की वाळूशेठ. कारण दुकानात भिंतीला लागून वाळूनं भरलेल्या चार बादल्या. वाळूसुद्धा कुठली बी चालायची नाही. शहागडहून गोदावरीची आणायचा, धुवायचा, गच्चीवर वाळवायचा आणि बाया ज्वारी चाळतात तशी चाळणीनं चाळायचा. हमाल म्हणायचे, "शेठजी, लगीन निघालं का घरात? वाळूचे लाडू वळून राह्यले काय?" तो मान वर न करता म्हणायचा, "लाडू तुम्हाला, वाळू बॅटरीला."

बॅटरी! त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. दुकानातून पार्सलं मुंबईला जायची, तिथून विमानानं अमेरिका, दुबई, जर्मनी. आणि मोबाइल, लॅपटॉप, पॉवरबँक यांच्यात जी लिथियमची बॅटरी असते ती विमानात न्यायची म्हटली की नियमांचं जंगल. कंपनीनं पाठवलेला इंग्रजी कागद भिंतीवर होता. त्याच्या शेजारी शेठजीनं स्वतःच्या हातानं मराठीत लिहून लावलेला दुसरा:

बॅटरी एकटी फिरायला जात नाही.
फुगलेली बॅटरी कुठंच जात नाही.
भरल्या पोटी प्रवास नाही. तीस टक्क्याच्या खाली आणा.
परीक्षेचा कागद नसेल तर दारातूनच रामराम.

दाराच्या पायरीवर एक लाकडी परात ठेवलेली. आत यायचं तर मोबाइल त्या परातीत ठेवायचा. कलेक्टर कचेरीतला साहेब असो नाही तर हमाल. त्याच्याकडं स्वतःचा मोबाइल नव्हताच. टेबलावर काळा फोन, वायरचा. म्हणायचा, "आम्ही जैन माणसं पाणी गाळून पितो. पाण्यात न दिसणारा जीव असतो म्हणून. पार्सलमधी बी न दिसणारं काही असतं. मी पार्सल गाळून घेतो."

आणि गाळायचा! अगदी खरंच गाळायचा. रिकाम्या खोक्याचं वजन वेगळं, वस्तूचं वेगळं, मग दोन्हीचं मिळून. खोकं कानाला लावायचा. वास घ्यायचा. गिऱ्हाइकाला विचारायचा, "आत काय?"

"गिफ्ट आहे."

"गिफ्ट हे वस्तूचं नाव न्हाई. नाव सांगा."

एकदा माझ्यासमोर एक बाई आल्ती. लेक अमेरिकेत, दिवाळीचा फराळ पाठवायचा. डब्यावर डबे. शेठजीनं करंज्यांचा डबा उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"बाई, ह्या करंज्यांत सारण कशाचं?"

"खोबऱ्याचं."

"बराबर. पण खोबरं एवढं जड कुठल्या झाडाला लागतं? मला बी रोप द्या."

डबा उघडला. करंज्यांच्या खाली रुमालात गुंडाळलेली पॉवरबँक. बाई लाजली नाही, उलट चिडली. "आता माझ्या पोरीनं मोबाइल चार्ज कशावर करायचा?" शेठजी म्हणाला, "बाई, अमेरिकेत पॉवरबँक मिळती. तुमच्या हातची करंजी मिळत न्हाई. जे मिळत न्हाई ते पाठवा." बाई हसली, आणि तिनं जाताना चार करंज्या टेबलावर ठेवल्या. त्या त्यानं खाल्ल्या नाहीत. दिवस कलला होता, आणि दिवस कलला की त्याच्या तोंडात पाण्याशिवाय काही जायचं नाही. दुकानही तेव्हाच बंद. एकदा शटर खाली आलं की देव जरी पार्सल घेऊन आला असता तरी त्याला सकाळी या म्हणाला असता.

लोकांना वाटायचं, याचं काही तरी जळालं असणार. कुणी सांगायचं सुरतचं गोदाम जळालं, कुणी सांगायचं मेव्हण्याची ई-स्कूटर. मी एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "मिस्त्री, मी आयुष्यात एक बॅटरी जळताना पाह्यली न्हाई. जळाल्यावर शिकायचं असंल तर शिकून फायदा काय?"

मला मिस्त्री म्हणायचा. मी पिंपळगाव रेणुकाईचा. वेल्डिंगचं आणि लेथचं काम. पेरणीयंत्राचे सुटे भाग दुरुस्त करून बाहेरगावी पाठवायला त्याच्याकडं जायचो, म्हणून ओळख. दर पार्सलला गिऱ्हाइकानं एका पिवळ्या चिठ्ठीवर आपल्याच हातानं ओळ लिहायची, "पेटीत बॅटरी नाही", आणि खाली सही. छापलेला फॉर्म त्याला चालायचा नाही. म्हणायचा, छापलेल्यावर माणूस न वाचता सही ठोकतो, हातानं लिहिताना खोटं जड जातं. त्या चिठ्ठ्या मग भिंतीवरच्या एका तारेत ओवून ठेवायचा.

आता माझ्या सहीचं सांगतो. बँकेत एकदा बाबूनं माझा अंगठा धरून शाईत असा दाबला जसं कांदा दाबून राह्यलाय. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणलं, मला सही शिकव. ती सातवी शिकलेली. चुलीपुढं कोळशानं फरशीवर शिकवली मला. तेव्हापासून मी सही करतो ती देखणी! पहिलं अक्षर मोठं, शेवटाला वळसा, खाली सरळ रेघ, रेघेखाली दोन टिंब. पाच मिनिटं लागतात. लागू देत. मागं लाइन असेल तर असू दे.

तर ते यंत्र. आमच्याकडं सरकी टोकायची म्हणजे बाईनं वाकायचं, बोटभर खड्डा, त्यात दाणा, एक पाऊल पुढं, परत वाकायचं. दिवसभर. माझ्या बायकोनं चाळीस वर्षं टोकली. आता ती उभी राहिली तरी वाकलेलीच दिसते. तिची कंबर बघून बघून माझ्या डोक्यात ते यंत्र आलं. काठीसारखं उभं, खाली टोकदार पाय, वर डबा, आत मोटर आणि भोकं पाडलेली चकती. बटण दाबलं की एकच दाणा खाली. सरकी टाका, मका टाका. वाकायचं कामच नाही! आणि त्याला बॅटरी मी स्वतः बनवली. लिथियमचे सेल आणून, जोडून, वर टेप गुंडाळून. नऊशे ग्रॅमची बॅटरी दिवसभर चालायची. सगळ्या यंत्रात मला कशाचा अभिमान होता तर तिचा.

लेक लग्न होऊन केनियाला. जावई तिकडं शेतीच्या कंपनीत. तिनं यंत्राचा व्हिडिओ तिथं कुणाला दाखवला, आणि एका दिवशी फोन आला. "बाबा! इथं शेतकऱ्यांचं प्रदर्शन हाय, तीन हप्त्यांनी. तुमच्या यंत्राला टेबल दिलंय! जल्दी पाठवा!" मी त्या दिवशी जेवलो नाही. जेवायचं सुचलंच नाही. पिंपळगावातून आजवर माणसं गेली बाहेर, कापूस गेला. पण दुसरी शिकलेल्या माणसाचं डोकं कधी गेलं होतं का?

दुसऱ्या दिवशी यंत्र पोत्यात गुंडाळून जालना गाठलं.

"आत काय?"

"टोकणीचं यंत्र! केनियाला!"

"चालतं कशावर?"

"बॅटरीवर. माझी सोताची. हातानं बनवलेली."

शेठजी उठला. आपली खुर्ची दोन हात मागं सरकवली आणि परत बसला.

"कागद?"

"कसला?"

"परीक्षेचा. बॅटरी पास हाय का?"

"शेठजी, मी शाळा सोडलेला माणूस. आता माझ्या बॅटरीनं पास होऊन दाखवायचं?"

"तुम्ही विमानात बसले तर तुम्हाला कुणी विचारणार न्हाई कितवी शिकले. तिला विचारतात. तिला थंडीत ठेवतात, भट्टीत ठेवतात, हलवतात, आपटतात, दाबतात. कारखान्याच्या बॅटरीला त्याचा कागद असतो."

"एवढं केल्यावर ती जित्ती राहील का?"

"राह्यली तर पास."

माझं डोकं तापलं. "लोक घरचं तूप हाय म्हणलं की वाटी पुढं करतात. घरची बॅटरी म्हणलं की तुमच्या पोटात दुखतं!"

"तूप आपलं आपण पेटत न्हाई, मिस्त्री." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आयका माझं. गाडी पाठवा, बैल तिथला जुंपा. यंत्र जाऊ द्या, बॅटरी तिथं घ्या."

"माझ्या गाडीला माझाच बैल!" मी म्हणलं आणि यंत्र उचलून निघालो. पायरीवरच्या परातीतून मोबाइल उचलायचा विसरलो, तो घेऊन हमाल मागं पळत आला.

बसमध्ये माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. बिनबॅटरीचं यंत्र म्हणजे नुसती काठी. केनियात माझी काठी पाठवू? आणि हा कोण सांगणारा? माझ्या आईच्या लोखंडी पेटीला तळाशी चोरकप्पा होता, त्यात ती जोंधळ्याएवढे सोन्याचे मणी ठेवायची. मी तसाच चोरकप्पा असलेली लाकडी पेटी बनवली. वजनाची तऱ्हा मला माहीत होती. रिकामी पेटी तो आधी तोलणार, उलटसुलट करून तपासणार. म्हणून चोरकप्प्यात आधी बरोबर नऊशे ग्रॅमची लोखंडी पट्टी घातली आणि पेटी त्याच्याकडं नेऊन तोलून घेतली. घरी येऊन पट्टी काढली, बॅटरी घातली, वरून फळी ठोकली. आता तोल तू किती बी! मी एकटाच हसलो.

सकाळी दुकानात. पेटीचं वजन आधीच लिहिलेलं, यंत्राचं झालं, दोन्हीचं मिळून झालं. गणित एकदम बरोबर. त्यानं पेटीला कान लावला, वास घेतला. काही नाही. पिवळी चिठ्ठी पुढं केली. मी लिहिलं, "पेटीत बॅटरी नाही". खाली सही केली. चिठ्ठी परत दिली.

तो चिठ्ठीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"मिस्त्री, तुम्ही सहीला पाच मिनिटं घेता. मागचे लोक मला शिव्या घालतात. आज चटकन झाली."

"घाई हाय."

"रेघेखाली टिंब न्हाईत."

मी चिठ्ठी पाहिली. नव्हतीच. रेघसुद्धा खाली उतरलेली.

"पेटी उघडा," शेठजी म्हणाला.

"का म्हणून? वजन बराबर हाय ना?"

"वजन बराबर हाय. सही बराबर न्हाई."

मी हात बांधून उभा राहिलो. उघडणार नाही म्हणलं. त्यानं स्वतः पकड घेतली, यंत्र बाहेर काढलं, तळाच्या फळीचे खिळे एकेक करून उपटले. फळी एका अंगानं वर आली. शेवटचा खिळा निघायला तयार नव्हता. त्यानं पकड टेबलावर ठेवली आणि बोटानं मला जवळ बोलावलं.

मी लोखंडाचा माणूस. लाकडात खिळा किती जातो याचा अंदाज मला नाही. फळीतून आरपार गेलेला माझा खिळा बॅटरीच्या टेपमध्ये घुसला होता. टेपचे चार पदर होते. तीन फाटलेले. चौथ्याला टोक टेकलेलं. खाली सेल.

पेटी घरून जालन्यापर्यंत बसमध्ये आणली होती. माझ्या मांडीवर.

शेठजीनं फळी अलगद उचलून खिळा बाजूला केला, बॅटरी दोन्ही हातांनी घेतली, तान्हं लेकरू घेतात तशी, आणि वाळूच्या बादलीत ठेवून वरून वाळू लोटली. कपाळावर घाम, पण आवाज तसाच.

"मी कुणाला सांगणार न्हाई. पण ही आज तुमच्या हातात बी देणार न्हाई. तुम्ही बसनं जाणार. बसमधी पन्नास माणसं असतात." मग पिवळी चिठ्ठी माझ्यापुढं धरली. "हा कागद तुमचा. फाडायचा तर तुम्ही फाडा. दुसऱ्याची सही मी फाडत न्हाई."

आणि मी काय बोललो माहीत आहे? खिळा डोळ्यापुढं, आणि मी म्हणलं, "मी कशाला फाडू? मी काई केलंच न्हाई!"

शेठजी बरं म्हणाला. चिठ्ठी तारेत ओवली नाही. घड्याळाखालच्या खिळ्याला एकटी टांगली.

यंत्र घेऊन घरी आलो. बायको ओट्यावर तूर निवडत बसलेली.

"यंत्र आलं. बॅटरी कुठाय?"

"शेठकडं."

"अन् अक्कल?"

मी झालं ते सांगितलं. खिळ्याचं सांगितलं, चोरकप्प्याचं सांगितलं. चिठ्ठीचं मात्र गिळलं. वरून म्हणलं, शेठ म्हणतो गाडी इथली अन् बैल तिथला. काय अक्कल हाय का त्याला?

ती तूर निवडायची थांबली. "आवं, मला तुमच्या घरी दिलं तव्हा माझ्या बापानं चूल धाडली व्हती का माझ्यासंगं? तुमच्याच चुलीवर भाकरी थापल्या ना मी? का भाकरी बदलली माझी?"

ती परत तूर निवडायला लागली, आणि मला एकदम झटका बसल्यासारखं झालं. भाकरी तिची! चूल कुणाची का असेना! मी लेकीला फोन लावला. "तिकडं फवारणीचे पंप हायत का? पाठीवरचे? बॅटरीचे?" ती म्हणाली, "बाबा, बाजारात ढीग हाय!" संपलं! पंपाच्या बॅटऱ्या म्हणजे बारा व्होल्ट. माझी मोटर बारा व्होल्ट!

दोन दिवस माझ्या हाताला उसंत नव्हती. बॅटरीची जागाच कापून टाकली. कमरेला बांधायचा ताडपत्रीचा खिसा शिवला, पट्टा असा की लहान मोठी कुठली बी बॅटरी त्यात बसावी. त्यातून वायर, वायरला दोन चिमटे. शेजाऱ्याच्या पंपाची बॅटरी लावली, चाललं! पाटलाच्या मोटरसायकलची लावली, चाललं! गावभर बॅटऱ्या मागत फिरलो. माणसं म्हणायची, मिस्त्रीला काय झालं? म्हणलं, मिस्त्रीला कळलं! यंत्राला कुणाची बी बॅटरी चालते म्हणजे ते कुठं बी चालतं. माझीच बॅटरी लागली असती तर ते पिंपळगावच्या वेशीला बांधलेलं राहिलं असतं. हे मी शेठजीला सांगणार नव्हतो, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी परत दुकानात. पेटी नवी, एकाच तळाची. वजन, कान, वास, सगळं झालं. पिवळी चिठ्ठी आली. मी खाली बसलो. "पेटीत बॅटरी नाही" असं एकेक अक्षर काढलं. मग सही. मोठं अक्षर, वळसा, रेघ, टिंब, टिंब. मागं उभा असलेला एक गडी म्हणाला, "काका, पोथी लिहून राह्यले काय?"

"लिहू द्या," शेठजी म्हणाला. "घाईची सही मी घेत न्हाई."

ही चिठ्ठी तारेत गेली. पहिली तिथंच, घड्याळाखाली. माझी बॅटरी बादलीत. मी दोन्हीकडं बघितलं नाही, आणि त्यानं विषय काढला नाही. असा माणूस!

पुढं त्यानं दुकान सोडलं आणि मुलाकडं इंदूरला गेला. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. काचेत ओळीनं पॉवरबँका. मी गेल्या महिन्यात तिथं उभा राहून इतका हसलो की दुकानदार विचारायला लागला, बाबा, पाणी पाहिजे का?

तर प्रदर्शनाचा दिवस. लेक म्हणाली होती, अकरा वाजता व्हिडिओ कॉल करते, आपल्याकडं दुपारचे दीड. घरी बसून बघता आलं असतं. पण मला शेठजीला दाखवायचं होतं! बायकोला नवं लुगडं नेसायला लावलं, बसमध्ये बसवलं, जालना गाठलं. मोबाइल आत चालणार नाही, म्हणून आम्ही पायरीवर बसलो. हमाल जमले, चहावाला आला, शेजारचा बियाणांच्या दुकानाचा मुनीम आला. शेठजी उंबऱ्याच्या आत. हात पाठीमागं.

फोन वाजला. पडद्यावर लाल माती! कुंकवासारखी लाल. लेक दिसली, जावई दिसला, आणि मग एक काळी सावळी म्हातारी, डोक्याला रंगीत फडकं, कमरेला माझा ताडपत्रीचा खिसा. तिनं यंत्र उभं धरलं. मातीत टेकवलं. बटण दाबलं.

काही झालं नाही.

लेक ओरडली, "बाबा, चिमटा सुटला, थांबा!" जावयानं चिमटा लावला. म्हातारीनं परत दाबलं.

दाणा! एक पाऊल. दाणा! एक पाऊल. दाणा! हमाल मोजायला लागले, "तीन! चार! पाच!" चहावाल्यानं केटली खाली ठेवली. म्हातारी सरळ उभी, चालून राह्यली, आणि मागं दाण्यांची ओळ, जशी दोरी धरून टाकली. शेवटाला पोचली, मागं वळून बघितलं आणि हसली. पुढचे दात नव्हते. आमच्या बायकोचेही नाहीत.

"सरळ हुभी हाय वो ती," बायको म्हणाली. "बघा ना. एकदा बी वाकली न्हाई." आणि पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन कुणी तरी घेतला. वर बघतो तर शेठजी! उंबऱ्याच्या बाहेर! दोन्ही हातांत मोबाइल! जालन्यात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. तो पडद्यात तोंड घालून ओरडत होता, "बेटा! बॅटरी कुठली?"

"इथलीच, शेठजी! पंपाची! सकाळपासून चालून राह्यली!"

"गरम होती का? हात लावून बघ!"

"न्हाई, थंड हाय!"

त्यानं फोन मला परत दिला. आत गेला, हात धुतले. मग बाहेर येऊन चहावाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला. मला एवढंच म्हणाला, "बैल चांगला भेटला." मी म्हणलं, "गाडी चांगली व्हती." दोघंही त्याच्या पुढं गेलो नाही.

परतीच्या बसमध्ये मी बोलतच होतो. कंडक्टरला सांगितलं, मागच्या सीटवरच्या मास्तरला सांगितलं. बायको खिडकीतून बाहेर बघत बसलेली. भोकरदन जवळ आल्यावर ती म्हणाली,

"दुकानात पाणी प्यायला गेल्ते मी. घड्याळाखाली तुमची सही टांगलेली हाय."

मी खिशातली तिकिटं काढून उगाच बघितली.

"तुम्ही सांगितलं न्हाई मला. पण मला वाचता येतं." थोड्या वेळानं म्हणाली, "कोळशानं शिकवली व्हती मी ती. ह्याच्यासाठी का?"

पिंपळगाव आलं. उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरली. पोचलो तेव्हा शेठजी शटर वर करून पाणी गाळत होता. मोबाइल परातीत ठेवला. आत गेलो आणि म्हणलं, "तो कागद द्या. पेन बी द्या."

त्यानं काही विचारलं नाही. घड्याळाखालून चिठ्ठी काढून पुढं ठेवली. मी खाली बसलो. "पेटीत बॅटरी नाही". त्यातलं "नाही" खोडलं. एक आडवी रेघ, खालचं अक्षर दिसेल अशी. त्याच्या वर लिहिलं, "होती". मग जुन्या सहीच्या खाली नवी सही. मोठं अक्षर. वळसा. रेघ. एक टिंब. दुसरं टिंब. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. राहू देत.

शेठजीनं चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावून वाचली, आणि परत माझ्यापुढं धरली. "आता फाडा, मिस्त्री. झालं."

"फाडू कशाला?" मी म्हणलं. "आता खरा हाय. ओवा तारेत."

त्यानं ओवली. आणि मी बाही वर करून माझ्या बॅटरीच्या बादलीत हात घातला.